मागच्या खोलीचा झरोका

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमचा सगळा रस्ता ‘वायसर’ म्हणून ओळखतो. दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसते ती चपटी चकती म्हणजे वायसर. जागेवर असते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि नसली की सगळं गळायला लागतं. नाव ठेवणाऱ्याने एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. भावोजींच्या शर्टाच्या खिशात कायम वायसर खुळखुळत असतात, तेवढं कारण पुरलं असणार.

गॅरेजवाले रस्त्यावर पुष्कळ आहेत, पण ऑइलच्या गळतीत भावोजींचा हात धरणारा कुणी नाही. गळणारी गाडी आली की ते तिच्याखाली स्वच्छ पुठ्ठा पसरतात, चहा पिऊन येतात आणि मग पुठ्ठा ओढून त्यावरचे डाग बघत बसतात. हा डाग गिअरबॉक्सच्या शेपटीचा, हा चाकाच्या सीलचा, हा जुना, हा आत्ताचा. काम झालं की गाडी पुन्हा पुठ्ठ्यावर उभी. पुठ्ठा कोरा निघाला तरच किल्ली मालकाच्या हातात. ‘मी बंद केलेलं पुन्हा गळत नाही,’ हे त्यांचं पालुपद. एरवी तोंडातून शब्द काढायचा तर तोही ते पान्याने फिरवून काढतात.

घरातही तेच. नळाचा थेंब पडायची हिंमत नाही. डब्यांची झाकणं इतकी घट्ट की ताई म्हणायची, आमच्याकडे साखर काढायची तर गॅरेजातून माणूस बोलवावा लागतो. दारांच्या कडांना रबरी पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटींना ते इंजिनाला लावतात ते चिकट काळं पॅकिंग. मी कपडे शिवते, माझं दुकान त्यांच्या समोरच आहे. मी एकदा त्यांना म्हटलं, भावोजी, आता माणसंच तेवढी शिवायची राहिलीत, सांगा, मशीन माझ्याकडे आहे. ते हसले नाहीत. मला माझीच जीभ चावावीशी वाटली, कारण ते असे का झाले हे मला ठाऊक होतं.

त्यांना एक मुलगी होती. तिला आम्ही छोटीच म्हणायचो. शाळेत जायला लागली होती, आणि मला मावशी न म्हणता नुसतं ‘ए’ म्हणायची. तेव्हा ही मंडळी भाड्याच्या खोल्यांत राहत. थंडीत तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली. त्या घराच्या खिडकीत बोटभर फट होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आजार आतलाच होता, फटीचा आणि वाऱ्याचा काही संबंध नाही. भावोजींनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक फटीशी वैर धरलं.

पुढे त्यांनी स्वतःचं गॅरेज बांधलं, वर राहायच्या खोल्या काढल्या. वर्षं गेली. ताईच्या गुडघ्यांनी दगा दिला, छातीही नाजूक झाली. गेल्या थंडीच्या तोंडाला तिला जिना चढवेना, म्हणून गॅरेजच्या मागची सामानाची खोली रिकामी करून तिचा पलंग खाली आणला. खोली लहान, एक खिडकी, आणि छताजवळ भिंतीत वीतभर लांबीचा झरोका. भावोजींनी गॅसचा हीटर आणून ठेवला, खिडकीच्या कडा बुजवल्या. झरोक्यातून रस्त्याची धूळ आणि गार वारा येतो म्हणून मापात पत्रा कापला, मागे रबराचं पॅकिंग लावलं, चार स्क्रूंनी आवळला आणि वरून भिंतीचा रंग मारला. झरोका होता कुठे, हे शोधावं लागेल इतकं सफाईचं काम. मी बघून म्हटलं, तुमचा हात खरंच शिंप्याचा आहे.

त्याच सुमाराला ती जीप आली.

डोंगराकडच्या एका बाईंच्या वडिलांची जुनी फोर-व्हील जीप. म्हातारे त्या जीपमध्येच गेले होते. घाटाच्या कडेला गाडी नीट उभी केली, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या बसल्या संपले. त्यानंतर ती शेडमध्ये धूळ खात पडली. बाईंना ती पहिल्यासारखी करून हवी होती. ट्रकवरून उतरवली तेव्हा अशी एक जागा नव्हती की जिथून ऑइल ठिबकत नव्हतं. सीटवर बसणाऱ्याचा खोलगट खड्डा तसाच होता. मी भावोजींना म्हटलं, मेलेल्या माणसाची बसकण अजून गेली नाही, असली गाडी ताईच्या भिंतीला लावून ठेवू नका. ते म्हणाले, बसकण बदलता येते, आधी गळती बघू.

सगळं उतरवलं, धुतलं, घासलं, रंगवलं. गिअरबॉक्स, त्याच्यामागचा पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, चाकं जोडलेले दोन्ही अ‍ॅक्सल. प्रत्येक ठिकाणी नवं सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबराचं कडं. पुठ्ठा कोरा निघाला. मग भावोजी जीप घेऊन चढावर चक्कर मारून आले, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटाखाली, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा आत शिरतो तिथून, काळी धार लागली.

त्यांनी सील बदललं. पुन्हा चक्कर, पुन्हा धार. दांड्याला ओरखडा असेल म्हणून तो घासून लख्ख केला. पुन्हा तेच. तिसरं सील बाहेरून मागवलं. उभ्या जीपमधून थेंब पडायचा नाही, चालवून आणली की गळायची. भावोजींनी पहिल्यांदा हार खाल्ली होती आणि त्यांना ती पचत नव्हती. ते खाली झोपून बोळ्याने सगळं पुसायचे, वर अंगाला लावायची पावडर उडवायचे आणि ऑइल कुठून वाट काढतंय ते त्या पांढऱ्यावर बघायचे. सगळं गॅरेज तान्ह्या मुलासारखं वास मारायला लागलं.

एका संध्याकाळी ताई मला म्हणाली, “छोटीच्या पावडरीचा वास येतो गं.”

मी तिला पावडरीचं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, वास तिकडून येत असेल, पण ती इकडे येते. मी हातातलं काम खाली ठेवलं. ताई रडत नव्हती. उलट गालांवर लाली होती, डोळे चमकत होते. अलीकडे येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणत होता की खाली आणल्यापासून तिची तब्येत सुधारली. तिने सांगितलं की हीटर लावून थोडा वेळ झाला की आधी चपलांचा आवाज येतो, मग छोटी पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसते. बोलत नाही. पाय हलवत बसते.

मी तिला म्हटलं, डोकं दुखतंय का तुझं? ती म्हणाली, ते तर रोजच दुखतं, त्यात काय.

आमच्या गल्लीतली मांजर ताईच्या पायांशी झोपायची. ती आता उंबऱ्यापर्यंत यायची, आत बघायची आणि शेपूट फुलवून मागे फिरायची. मला ते मुळीच आवडलं नाही. मी भित्री बाई नाही. दुकानात एकटी राहते, कुणी वाकडं बोललं तर त्याचं माप तिथेच घेते. पण मांजर ज्याला बघून परत जाते ते आपल्याला दिसत नसलं की पाठीवरून काहीतरी सरकतंच.

मी ठरवलं, आपणच बसून बघायचं. खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसले. पलीकडे गॅरेजात भावोजींचे पाने वाजत होते. हीटरची निळी ज्योत, तिच्या टोकाला थोडा पिवळेपणा. खोली ऊबदार, रस्त्यावरचा एक आवाज आत येत नव्हता. थोड्या वेळाने कपाळ आवळल्यासारखं झालं, पाय दुसऱ्या कुणाचे असावेत असे जड झाले. ताई पायथ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आलीस? मी वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं. पण रजई दबलेली होती. लहान मूल बसावं तेवढीच, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो खड्डा जरासा हलला. माझ्या कानाशी कुणीतरी अगदी हळू ‘ए’ म्हणालं.

मी कशी उठले, दाराबाहेर कशी आले, मला सांगता येणार नाही. गॅरेजच्या पायरीवर बसून मी ओकले. गार वारा लागल्यावर डोकं हलकं झालं. समोर ती जीप लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली, चारही चाकं अधांतरी. मला वाटलं, हिनेच आणलंय. जो माणूस हिच्यात मेला तो एकटा आला नाही, त्याने वाट उघडून दिली.

त्या रात्रीपुरता मी राग गिळला आणि सकाळी भावोजींना धारेवर धरलं. ही जीप आजच्या आज बाहेर काढा. माझी बहीण भ्रमिष्ट व्हायची वेळ आली आहे, आणि तुम्ही एका रबराच्या कड्यामागे लागलात. मेलेल्या गाडीपायी जिवंत बाई घालवणार का, असंही मी बोलले. भावोजी बोळ्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले की ताई आजारी नाही, ती खूश आहे, छोटी गेल्यापासून इतकी खूश ती कधी नव्हती. आणि गळती तशीच ठेवून गाडी माझ्या दारातून जाणार नाही. मी विचारलं, तुम्हाला दिसली का ती? ते जीपखाली सरकले.

दिवस तसेच चालले. ताईचा हीटर दुपारपासूनच लागू लागला. मी बंद केला की ती चिडायची. ताई माझ्यावर चिडलेली मी आयुष्यात बघितली नव्हती. ती जेवण टाकायला लागली, बोलता बोलता शब्द विसरायला लागली. डॉक्टर येऊन गेले. ते सकाळी आले, खिडकीचं दार तेव्हा उघडं होतं, छातीचं औषध देऊन गेले. मी माझ्या बहिणीला गमावतेय हे मला कळत होतं, आणि कुणाशी भांडू ते कळत नव्हतं. म्हणून मी रोज जीपशी भांडायचे.

एके दिवशी दुपार कलल्यावर भावोजींनी मला हाक मारली. दिवा धरायला कुणी नव्हतं. जीप नुकतीच चढावरून आली होती, खालून तापलेल्या ऑइलचा वास येत होता आणि मागच्या पोटातून धार चालू होती. मी दिवा धरून वाकले. पावडरीवर ऑइलची काळी वाट सीलपासून खाली उतरत होती. भावोजी नेहमीप्रमाणे सीलकडे बघत नव्हते. ते अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला बोटं फिरवत होते, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. एका जागी बोट थांबलं. तिथे काळ्या रंगाखाली बटणाएवढा उंचवटा होता. त्यांनी सुरीच्या टोकाने रंग खरवडला, आतून रबराचा एक तुकडा निघाला. तो उपटल्याबरोबर अ‍ॅक्सलने श्वास सोडला.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. हुश्श असा लांब, गरम, मोठ्या जनावराचा श्वास. तो संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच वाकून राहिलो, आणि मग खालची धार बारीक झाली, थेंब झाली आणि थांबली.

भावोजी रबराचा तुकडा तळहातावर घेऊन बघत होते. घासताना कचरा आत जाऊ नये म्हणून त्यांनीच तो तिथे कोंबला होता. मग काढायचा विसरले आणि वरून रंग दिला. दुसरा कुणी मेकॅनिक विसरला नसता. पण या माणसाचा हात भोक दिसलं की आपोआप बुजवतो, आणि बुजवलेलं पुन्हा उघडायचं असतं हे त्या हाताला माहीत नाही. त्यांनी मला सांगितलं, अगदी हळू, जणू स्वतःलाच, की चालताना आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर जायला एवढंसं नाक ठेवलेलं असतं. ते बंद केलं की आतलं आतच कोंडतं.

“सीलचा दोषच नव्हता,” ते म्हणाले. “आत गुदमरत होतं, आणि मी बाहेरून आवळत होतो.”

त्यांची नजर माझ्यामागच्या भिंतीवर गेली. भिंतीपलीकडे ताईची खोली. रोज या वेळेला तिचं बोलणं सुरू व्हायचं, पलीकडून कुणी उत्तर न देणारं, मध्ये थांबून पुन्हा चालू होणारं. एवढे दिवस ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आज ते ऐकू येत नव्हतं.

“तिचा आवाज का येत नाही?” भावोजींनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत ते पळाले. हा माणूस पळताना मी कधी पाहिला नव्हता. दाराच्या रबरी पट्ट्या सुटेनात, त्यांनी खांदा मारला. ताई पलंगावर पायथ्याकडे तोंड करून आडवी पडली होती, हात पुढे केलेला, चेहरा लालबुंद. हाक मारली तर ओ नाही. मी हीटर बंद केला. भावोजींनी पलंगावर चढून मोठ्या पान्याने झरोक्यावरच्या पत्र्यावर घाव घातले. एक, दोन, मग मोजायचं कुणाला सुचलं. पत्रा अर्धा वाकला आणि बाहेरची थंडी आत घुसली. मग त्यांनी ताईला उचललं आणि अंगणात नेऊन आडवं केलं. मी तिचे गाल चोळत होते, तिला शिव्या देत होते, ऊठ म्हणत होते. भावोजी तिच्या तोंडाशी कान लावून बसले होते. गळती ऐकायला बसतात तसेच.

बऱ्याच वेळाने तिने श्वास ओढला. डोळे उघडून आम्हा दोघांकडे बघितलं, आमच्यामागे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला.

“ती कुठे गेली?”

दवाखान्यात तिला नळीने प्राणवायू दिला. डॉक्टरांनी भावोजींना समजावलं की बंद खोलीत हीटर जळताना एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, आणि शेवटी झोप लागते. भावोजी म्हणाले, हो, माहीत आहे. आणि ते खरं होतं. गॅरेजचं शटर ओढून कुणी इंजिन चालू ठेवलं तर हाच माणूस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गाडीचं त्यांना सगळं माहीत होतं. खोलीसुद्धा एक डबाच असते, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

ताई वाचली. हीटर तपासून घेतला, झरोका उघडा ठेवायच्या बोलीवर तो परत जागेवर आला, कारण तिच्या छातीला ऊब लागतेच. मांजर पुन्हा तिच्या पायांशी झोपायला लागली. जीप कोऱ्या पुठ्ठ्यावरून डोंगराकडे गेली. बाई खूश झाल्या. सीटची बसकण त्यांनीच बदलू दिली नाही, ती तशीच राहिली.

भुताटकी संपली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. ताईने नाही. ती संध्याकाळी पायथ्याकडे बघत बसते. गालांवरची लाली गेली, पुन्हा फिकुटली. हळूहळू तिने बोलणं कमी केलं, आणि मग एकदा मी तिचे पाय चोळत असताना नवऱ्याला म्हणाली, अहो, तो झरोका थोडा वेळ बंद करा ना. एकदाच. मी बघेन आणि लगेच उघडा. तिने ते इतकं साधेपणाने मागितलं, पाणी मागावं तसं. भावोजी उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. हातात तो पत्रा. ठोकून पुन्हा सरळ केलेला, मागचं पॅकिंग नवं.

“हा तुझ्याकडे ठेव,” ते म्हणाले. “कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस.”

मी म्हटलं, ठेवायचा कशाला, भंगारात टाका. आणि तुम्हाला नवा कापायला कितीसा वेळ लागतो?

“नवा कापायचा तर मध्ये विचार करायला वेळ मिळतो. हा नुसता चार स्क्रूंचा प्रश्न आहे.”

मग ते माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. खिशातले वायसर चाळवत राहिले. मी मशीन थांबवलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी पण बघितलं तिला. रात्री तुझी ताई झोपली की बसायची माझ्याकडे बघत. तेवढीच होती गं. मीच म्हातारा दिसलो असेन तिला.”

मला रडू आलं आणि मी रडले. ते उठले, जाताना दाराची कडी तपासून गेले, सवयीने.

पत्रा माझ्याकडे आहे. ताई मला भेटली की विचारते, तुझ्याकडे दिलाय ना त्यांनी? मी नाही म्हणते. तिला खोटं कळतं, आम्ही बहिणी आहोत. मग मी दुकानात परत येते, दार लावते आणि गठ्ठ्याखाली हात घालून तो जागेवर आहे ना, ते चाचपून बघते.